तेओदोराबाईंच्या तोंडचं वाक्य

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष श्रीयुत अनिसेतो लास्येरा, व्यासपीठावरचे आदरणीय फादर, तेरुएलहून डोंगर चढून आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती दिग्दर्शक गास्पार ओरुस, आणि तोरेसाल्बाच्या माझ्या गावकऱ्यांनो,

सकाळी अनिसेतो मला म्हणाले, "बाई, पाच मिनिटं. दोन गोड शब्द बोला आणि खाली उतरा. मग चौकात पाटी उघडायची, आणि मग भाजलेलं कोकरू." कोकरू आज थंड होणार आहे. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

मी एकतीस वर्षं इथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं. सिनेमातलं मला काय कळतं, असं तुम्ही विचाराल. गास्पारही विचारील. विचारू दे.

आधी सत्कारमूर्तींविषयी. हा इस्त्रीवाल्या होसेफाचा मुलगा. एकविसाव्या वर्षी माद्रिदला गेला. आजवर सोळा चित्रपट काढले. त्यातले अकरा कोणाला आठवत नाहीत आणि चार त्याला स्वतःला आठवावेसे वाटत नाहीत. उरला एक. 'चुन्याच्या वाटेवर', सन एकोणीसशे सहासष्ट, याच गावात काढलेला. गास्पारची सगळी कीर्ती त्या एका चित्रपटावर उभी आहे, आणि तो चित्रपट एका बाईच्या चेहऱ्यावर. त्या तेओदोराबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वय चौऱ्याऐंशी. त्यांना कोणी व्यासपीठावर बोलावलेलं नाही.

त्या काळी चित्रपटात आवाज जागेवर घेत नसत. चित्र इथं घ्यायचं आणि बोलणं नंतर माद्रिदच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या आवाजात भरायचं. म्हणून गास्पार गावकऱ्यांना सांगायचा, "तोंड हलवा, बस. सुचत नसेल तर एक ते वीस आकडे म्हणा." लोकांनी आकडे म्हटले. हिलारियाने जपमाळ म्हटली. लोहार सिक्स्तोने आपल्या मेव्हण्याला मिनिटभर आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पडद्यावर मात्र त्याच तोंडातून डोंगरातल्या पहाटेचं वर्णन बाहेर पडलं. गाव त्यावर भाळलं. सिक्स्तोसुद्धा भाळला!

दोन वर्षांनी मी तो चित्रपट शाळेत दाखवला. सिक्स्तोच्या दृश्याला मुलं बाकांवरून खाली पडेपर्यंत हसली. मला कळेना. मग लक्षात आलं, ही मुलं ऐकत नाहीत, ओठ वाचतात. त्यांना शिव्याच दिसत होत्या.

आणि मग ते दृश्य आलं, ज्याच्यासाठी गास्पारला परदेशात बक्षीस मिळालं. विधवा, म्हणजे आपल्या तेओदोराबाई, चर्चच्या पायरीवर नवऱ्याच्या मारेकऱ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "मी तुम्हाला क्षमा केली." निएवेस नावाची तेरा वर्षांची मुलगी उठली आणि हातांनी मला विचारू लागली, "बाई, फेर्मीन कोण?"

मी म्हटलं, या चित्रपटात फेर्मीन कोणी नाही.

ती म्हणाली, "आहे. ती बाई विचारते आहे, फेर्मीनला कुठं पुरलंत? जागा सांगा. मी हाडं घेऊन जाईन."

फेर्मीन कोण, हे या सभागृहात ज्यांचं वय साठच्या पुढे आहे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही आता जमिनीकडे बघताय, म्हणजे चांगलंच ठाऊक आहे. तरुणांसाठी सांगते. तेओदोराबाईंचा नवरा. सत्तेचाळीस साली, हुकूमशहाच्या राज्यात, त्याला घरातून नेलं आणि तो परत आला नाही.

मी तेओदोराबाईंकडे गेले. ऑक्टोबर होता. टेबलावर केशराच्या फुलांचा ढीग आणि त्या एकेका फुलातून केशर खुडत बसलेल्या. मी विचारलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"दार लावा आधी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाचपर्यंत मोजलं मी. मग कॅमेऱ्याच्या मागं तो दिसला."

"कोण?"

"फेर्मीनला ज्यानं नेलं तो. चित्रीकरण बघायला आला होता, खुर्ची टाकून. म्हटलं, नाहीतरी आवाज घेत नाहीत, तर विचारून घ्यावं."

"त्याने ऐकलं?"

"उठून गेला. गास्पारनं पण ऐकलं. हातानं खुणावलं, थांबू नका, चालू दे."

"आणि ते क्षमेचं?"

"ते माद्रिदच्या कुठल्याशा बाईनं केलंय. तिला जाऊन विचारा, कोणाला केली म्हणून."

चित्रपट इथं लागला त्या रविवारी फेर्मीनच्या आईने सुनेला दारातच अडवलं. "तू क्षमा केलीस? कुणाला विचारून केलीस? माझा मुलगा होता तो." तेओदोराबाई काय सांगणार होत्या? खरं सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात त्यांनाही नेलं असतं. म्हातारी नऊ वर्षांनी गेली. तोवर सुनेशी एक अक्षर बोलली नाही.

गास्पार, तू मान हलवतो आहेस. तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. सरकारी कात्री होती, खरं वाक्य ठेवलं असतं तर चित्रपट जप्त झाला असता, आणि बाईही अडकली असती. मान्य. पण तू त्या दृश्यात नुसता वारा ठेवू शकला असतास. शांतता कोणी जप्त करत नव्हतं. तुला बक्षीस मिळवून देणारं वाक्य हवं होतं.

आणि तेही सोडून देते. हुकूमशहा मेल्याला तेहेतीस वर्षं झाली. या तेहेतीस वर्षांत तुला कोणी अडवलं? गेल्या वर्षी तू चित्रपटाची नवी प्रत काढलीस, तेव्हा वर्तमानपत्राने त्या दृश्याबद्दल विचारलं. तू म्हणालास, "ती अडाणी बाई आकडे मोजत होती. चेहरा तिचा, वेदना माझी." कात्रण माझ्या पर्समध्ये आहे. वाचून दाखवू?

नको? बरं.

आता पाटी. अनिसेतो, मी काल चौकात जाऊन कापड उचलून पाहिलं. हो, नियम मोडला. संगमरवरात तेओदोराबाईंचा चेहरा आहे आणि त्याखाली कोरलंय, "मी तुम्हाला क्षमा केली." म्हणजे सासू एकदा म्हणाली, ते आता रस्त्याने जाणारा प्रत्येक जण म्हणणार. त्या रोज त्याच चौकातून पाव आणायला जातात. फेर्मीनची जागा त्यांना अजून कोणी सांगितलेली नाही. मी काल रात्री त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या म्हणाल्या, "ते वाक्य पुसा. दुसरं काही लिहू नका. मला बोलता येतं."

तेव्हा पाटी आज उघडायची नाही. गवंडी बोनिफासियोला मी बाहेर उभं केलंय, छिन्नीसकट. अध्यक्षांनी नुसती होकारार्थी मान हलवायची आहे. अनिसेतो, तुम्ही माझ्या शेजारच्या गल्लीतले, मी वाट बघते.

हलली. सगळ्यांनी पाहिली.

नगरपालिकेचे आभार, मला बोलावल्याबद्दल. पुन्हा बोलावणार नाहीत, म्हणून आजच मानते. निएवेस आज पाठीमागच्या बाकावर आहे, तिचेही आभार. भाषणाच्या शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची रीत आहे. ती मी आज पाळत नाही. तो शब्द या गावात आधीच फार स्वस्त करून ठेवलाय.

तेओदोराबाई उठल्या आहेत. कोणीतरी त्यांना पायरीवर हात द्या, आणि माइक खाली घ्या, त्या उंच नाहीत. अजून जरा खाली. हां.

बोला, तेओदोराबाई.