पडद्याचं हॉटेल

यवतमाळच्या मोठ्या हॉटेलातल्या जेवणाचं विचारता ना, मग ऐका. यांची नोकरी पक्की झाली, म्हणून आम्ही दिग्रसहून मुद्दाम तिकडं जेवायला गेलो.

"हाटेल तूच पसंत कर," हे म्हणाले.

एका हॉटेलात पंखे होते, रेडिओ वाजत होता. पण मुन्ना अजून अंगावर पिणारा. चारचौघांत त्याला पाजायचं कसं? म्हणून मी पडदा लावलेल्या फॅमिली रूमचं हॉटेल निवडलं.

ताटं आली अन् बाहेर यांच्या साहेबांचा आवाज आला.

"पाच मिनिटांत येतो," म्हणून हे उठून गेले. यांच्याआधी मी कशी जेवू? वरण गार होत गेलं.

पडद्यापलीकडे साहेब म्हणाले, "आजकाल लोक बायकांलेही हाटेलात आणून राह्यले! तुम्ही एकटेच ना?"

"हो जी, एकटाच."

आवाज ओळखून मुन्ना ओरडला, "बाबा!"

मी झटकन त्याच्या तोंडात जिलेबी कोंबली.

परतताना बसमध्ये हे खुशीत म्हणाले, "हाटेल बराबर पसंत केलं तू. पडदा होता म्हणून वाचलो."