उकळून गाळलेला नमुना

पाणीपुरवठा कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी एका सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी बसले होते.

"अध्यक्ष, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या पाण्याचा नमुना मागितला होता. तुम्ही घरचं पाणी दिलंत?"

"प्रकल्प वर्षभर बंद आहे. त्या टाकीतलं दिलं असतं तर तपासणारा आडवा झाला असता."

"म्हणून उकळून, गाळून?"

"ते हिने केलं. म्हणाली, सरकारी माणसाला द्यायचंय, नीट द्यावं."

"वहिनींनी फारच नीट दिलं. नव्या नियमानुसार ज्यांच्या प्रकल्पातून इतकं शुद्ध पाणी निघतं, त्यांनी फ्लशला आणि बागेला तेच वापरायचं. उद्यापासून आपलं नळाचं पाणी निम्मं."

"मग फ्लशला पाणी आणायचं कुठून?"

"वहिनींना म्हणावं, मोठं पातेलं चढवा."

"चेष्टा पुरे. आत जाऊन खरं सांगून टाकू."

"सांगा की. आदर्श सोसायटी म्हणून परवाच सत्कार करून घेतलात, तोही परत करून या."

शिपायाने सोसायटीचं नाव पुकारलं. अध्यक्षांनी उठून शर्ट नीट केला.

"काय बोलणार आहात?"

"म्हणेन, आमचं पाणी अजून थोडं अस्वच्छ आहे."

"थोडं?"

"पहिल्याच भेटीत सगळं कशाला सांगायचं?"