ओले हात

— दोन हजार सव्वीसचा पौष चाललाय, उत्तरायण नुकतंच झालं, तारांवर पतंग अजून लटकतायत, आणि तू विचारतोस पुस्तक कसं चाललंय. सांगतो. टेबलापाशी नको, ते खिडकीतून दिसतं — तिकडे कपाटाआड बस. मी चौथी शिकलेला, तुझं पुस्तक मी वाचलं नाही, बायकोनं, अहल्येनं वाचून दाखवलं. पण कारेलीबागेतलं हे वाचनालय संध्याकाळी मी सांभाळतो. पुस्तक परत देताना माणूस गप्प राहत नाही, ते सगळं माझ्या कानावर येतं.

ऐक मग, अनुज. विजयमालाबाई म्हणाल्या, अनुजनं पोट दुखेपर्यंत हसवलं, पण शेवट गुंडाळला. मांजलपूरचे ते बँकवाले — म्हणे, पत्रकार हेरगिरीला निघतो, पाण्याच्या पिंपात लपतो आणि तिथंच शिंकतो, असल्याला पगार कोण देतं? स्नेहल म्हणाली, काका, मजा पडी गई. आणि सगळ्यांना आवडला तो मिशाळ स्वयंपाकी — बिल्डरच्या बंगल्यातले कागद पत्रकाराला आणून देणारा. हात धुतले की केसांना पुसतो. पंचा खांद्यावर, तरी केसांनाच. अहल्यासुद्धा तिथं हसली. मी नाही हसलो. का? — बाईचा पुरुष केलास, मिशा दिल्यास, नाव बदललंस, गाव बदललंस. हात तेवढे ठेवलेस. गंमत वाटली म्हणून ठेवलेस.

मान हलवू नकोस. बिल्डर उदयसिंहरावांच्या फाटकावर गेल्या वर्षापर्यंत पहारेकरी मीच होतो. नदीच्या पात्रातल्या भरावाची बातमी तू छापलीस, तिचे कागद स्वयंपाकाच्या गंगाबाईंच्या डब्यातून बाहेर गेले. मी पाहिलं होतं. — मग बोललो का नाही? बाईमाणसाच्या डब्यात हात घालणं आमच्या घराण्यात नाही. आणि त्या भरावापायीच आपल्या सोसायटीत छातीएवढं पाणी चढलं, हे काय मला कळत नव्हतं? असो.

शनिवारी उदयसिंहराव साहेब आले. पुस्तक न्यायला ड्रायव्हर आला होता, परत द्यायला मात्र स्वतः. मी सगळ्यांना विचारतो, त्यांनाही विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, फार हसलो. चेहरा हसलेल्या माणसाचा नव्हता. एका पानात बोट घातलेलं. म्हणाले, हे केसांना हात पुसणं लेखकानं कुठं पाहिलं असेल, काका? आमच्याकडे कुणीतरी करतं असं. कोण, ते आठवत नाही. घरी जाऊन बघतो. — आवाज अगदी हळू. पुरात आपल्या पार्किंगमध्ये मगर पडली होती ना, ओंडक्यासारखी? तसं.

मग? मग काय. उठलो, तिथं माठाशेजारच्या बेसिनवर हात धुतले, त्यांच्यासमोर. आणि केसांना पुसले. दोन्ही. सावकाश. — असं बघू नकोस माझ्याकडे. केस राहिलेत कुठे, पण पुसले. ते बघत राहिले. म्हणाले, जुनी सवय का? म्हटलं, फाटकावर पंचा कोण देतं, साहेब. तेव्हा त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, नीट सरळ करून ठेवलं, आणि गेले. तेव्हापासून समोर ती पांढरी गाडी उभी असते. आतला माणूस उतरत नाही. चहासुद्धा गाडीतच मागवतो. मी घरी निघालो की गाडीही मागोमाग, घरापर्यंत.

नाही, पोलिसांकडे नको. तू तोंड उघडलंस की ते विचारतील, मग कागद आणले कुणी? तू काय सांगशील? — बघ. गंगाबाईंचं नाव घ्यावं लागेल. अहल्येलाही काही बोलायचं नाही. तिला वाटतं गाडी शेजाऱ्यांकडची आहे. त्या पुरात तिला धाप लागली, दवाखाना गाठायचा होता, आणि तू तिला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलास — मगर कुठं सरकली कुणाला ठाऊक नव्हतं. मी जिन्यात उभा. गुडघे गेलेले. नुसता बघत होतो. दुसऱ्याचं देणं ठेवून जाणं, तेही आमच्या घराण्यात नाही.

गंगाबाईंना एवढाच निरोप दे — हात पदराला पुसा. आजपासून.

ऊठ. मागच्या दारानं जा. पुराचं फिटलं.