आईनं घडी घातलेलं पॅराशूट

अरे, आमच्या रॉकेट क्लबात गेल्या रविवारी काय झालं, ते ऐकून तर घ्या. येत्या रविवारी आमाले शाळेच्या पोरांसमोर रॉकेट उडवाचं आहे. पण आधीच्या दोन्ही चाचण्यांत पॅराशूट उघडलंच नाही. रॉकेट गोट्यासारखं खाली आलं. तिसरंही असंच पडलं असतं तर कार्यक्रम रद्दच होता.

आई सेक्टर सहामधे आमच्या क्वार्टरातच शिवणकाम करते. त्या दिवशी तिले सोबत नंदिनी गावाच्या मैदानावर नेलं. मी पॅराशूट नळीत भरून राहिलो होतो, तर ती म्हणाली, "कावून रे असा बोळा कोंबून राहिला? प्लास्टिकची पन्नी आहे ते, चिकटन ना! दे इकडं."

तिनं पर्समधून पावडरचा डबा काढला, पॅराशूटले पावडर चोळली, निऱ्यांसारख्या घड्या घातल्या आणि हलक्या हातानं आत सरकवलं.

बटन दाबलं. रॉकेट सूं करत वर गेलं, वर फट्ट झालं आणि लाल छत्री फुलली! आम्ही नाचायच्या आधीच आई साडी खोचून पळत सुटली. झुडपांतून रॉकेट घेऊन आली, श्वास फुललेला, पण हसून राहिली होती.

क्लबच्या सरांनी विचारलं, "अगले संडे वॉलंटियर कौन-कौन?"

पहिला हात आईचा.

मी तिले साखरपुड्याची आठवण दिली, "आई, त्या दिवशी मावशीच्या पोरीचं साक्षगंध आहे ना!"

"मग मावशीले फोन कर," ती म्हणाली, "सांग, आईले रॉकेट उडवाचं आहे."