ऑगस्टचं डिझेल

बाहेर उणे अठ्ठावीस. उत्तर फिनलंडमधल्या त्या पंपावर हेल्वी पैसे द्यायच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढचे आजोबा काउंटरवरच्या बाईवर तणतणत होते.

“डिझेल गोठू नये म्हणून तुमचं ते औषध नेलं. काल अख्खी बाटली टाकीत ओतली, तरी गाडी ढिम्म!”

“आधीच गोठलेल्या डिझेलमध्ये ओतून काय उपयोग, आजोबा? आणि हिवाळी डिझेल गोठलंच कसं?”

“उन्हाळी आहे. ऑगस्टमधलं.”

“अन् जानेवारीत टाकीत? आपल्याकडे कुणी असं करतं का!”

“ऑगस्टमध्ये बायकोला दवाखान्यात नेलं. एकटाच परत आलो. त्यानंतर गाडी काढलीच नाही.”

“मग आज कुठं निघालात?”

“लेकीकडे. उद्या नातीचं बारसं आहे.”

“असं करा, गाडी आधी गरम गॅरेजात न्या. डिझेल वितळलं की नवी बाटली ओता, वरून हिवाळी डिझेल भरा.”

“नेऊ कशी? खांद्यावर?”

“माझ्याकडे दोर आहे,” हेल्वी म्हणाली. “मी ओढत नेते. नाव काय ठेवताय नातीचं?”

“बारशाआधी सांगतात होय कुणी? पण लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला नवं काही पाठ करावं लागणार नाही.”