दुधी कागदाखालचं ऊन

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक प्रश्न विचारतो. आपल्या जिवाच्या माणसाला उन्हाचा चटका बसतो, म्हणून त्याला झाकायचं. बरोबर? पण किती झाकायचं? उत्तराची घाई नको. आधी निवृत्ती शेडगेची गोष्ट ऐका.

पवनेच्या काठचा हा निवृत्ती. जरबेराची फुलं लावायची म्हणून त्यानं आणि थोरल्या भावानं, आबानं, रानात पॉलिहाऊस उभारलं. पाइपांचा सांगाडा झाला. राहिला वरचा प्लॅस्टिकचा कागद. तिकडे कोपऱ्यातले काका हसताहेत — महाराज, कीर्तनात प्लॅस्टिक? अहो, देव काय फक्त पीतांबरातच भेटतो?

तर निवृत्तीला एक लेक होती, रुक्मा. जन्मापासून केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, आणि कातडी अशी नाजूक की जरा ऊन लागलं की लालभडक. उजेडात डोळे उघडायचेच नाहीत. बापानं काय करावं? मायेपोटीच केलं हो — माजघराच्या खिडकीला घोंगडं ठोकलं. पोर दिवसभर आत. तिन्हीसांज झाली की बाहेर.

एकदा दिव्यापाशी जेवताना म्हणाली, "बाबा, दिवसा तुम्ही कसे दिसता?"

निवृत्तीच्या हातातला घास हातातच राहिला. तुम्ही काय सांगितलं असतं?

पुढं दोघे भाऊ कागद बघायला दुकानात गेले. दुकानदारानं तीन नमुने काढून दिले. एक कागद काचेसारखा आरपार. एक हिरवी दाट जाळी. आणि एक कागद दुधाळ, पांढुरका.

आबा म्हणाला, "आरपारचाच घे. भरपूर ऊन आत येईल."

निवृत्तीनं तिन्ही तुकडे पिशवीत घातले. "घरी विचारतो, दादा."

"कुणाला?"

"रुक्माला."

"आता कागद पोरीला विचारून घेणार? उद्या खत मांजराला विचारशील."

हसा, हसा. आबाही हसला होता.

दुपारी निवृत्तीनं लेकीला लांब बाह्यांचा झगा घातला, ओढणीनं डोकं गुंडाळलं आणि उंबऱ्यात आणून बसवलं. आबा अंगणात उभा, कमरेवर हात. निवृत्तीनं आधी आरपार कागद तिच्या डोक्यावर छतासारखा धरला. पोरीनं डोळे गच्च मिटले, पाणी गालावर आलं. मग जाळी धरली. डोळे उघडले खरे, पण ती पुटपुटली, "हे तर आपलं माजघरच आहे."

बाया-बापड्यांनो, हे वाक्य बापाच्या काळजात कुठं लागलं असेल? घोंगडं त्यानंच ठोकलं होतं ना.

मग त्यानं दुधी कागद धरला. पोरीनं आधी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा. बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या मिशीत पांढरे केस आहेत."

निवृत्ती हसायला गेला आणि त्याला रडूच आलं.

आबानं घसा खाकरला. "पोरीचं खरं रे. पण फुलांचं काय? दोन घरांची चूल त्यावर आहे."

"मी दुकानदाराला विचारलंय, दादा. हा कागद ऊन अडवत नाही, फोडून चौफेर पसरवतो. खालच्या पानालाही मिळतं, आणि पाकळी करपत नाही."

तेवढ्यात रुक्मानं कागदाखालूनच आबाकडे मान वळवली. "आबा, तुम्ही तर अगदी बाबांसारखे दिसता."

थोरला तो. डोळे पुसताना कुणी बघू नये म्हणून गोठ्याकडे वळला आणि जाता जाता म्हणाला, "दुधीच आण."

कागद चढला, रोपं लागली, फुलं आली. भर दुपारी बाप-लेक वाफ्यांमधून चालली होती. रुक्मा थांबून जमिनीकडे बघू लागली. "बाबा, इथं माझी सावलीच पडत नाही. ऊन कुठून येतंय?"

"सगळीकडून, बाळा."

मंडळी, त्या विठुरायाची माया अशीच असते. चटका तो वरच झेलतो आणि उजेड मात्र आपल्यापर्यंत येऊ देतो. आणि आपली माया? कुणी लेकीच्या खिडकीला घोंगडं लावलंय, कुणी सुनेच्या, कुणी म्हाताऱ्या आईच्या. काळजीनंच लावलंय, मला ठाऊक आहे. पण आज घरी गेलात की तिच्या शेजारी बसा, आणि देवाचं नाव घेऊन एवढंच विचारा — बाई गं, तुला आतून काय दिसतं?