घरी येऊन बसणारे पंच

आदरणीय अध्यक्षा दवासुरेनबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, बायनखोंगोर प्रांत बुद्धिबळ संघटनेचे सभासद, आणि ज्यांच्यासाठी आज आपण हातची कामं टाकून आलो ते आपले निवृत्त होणारे मुख्य पंच गल्सन सर, सर्वांना माझा नमस्कार.

मी खांदमा. आधीच्या वक्त्यांनी सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्या शिस्तीचा फटका मी खाल्लाय, म्हणून मलाही चार शब्द बोलू द्या.

चार वर्षांपूर्वी बर्फाने रस्ते बंद झाले आणि निवड स्पर्धा पहिल्यांदाच ऑनलाइन झाली. मी आमच्या तंबूत, चुलीजवळ बसून खेळत होते. शेवटची फेरी, संघात निवड व्हायला मला बरोबरी पुरेशी होती. सरांना कॅमेऱ्यात दिसलं, की माझी नजर सारखी डावीकडे जातेय. त्यांना वाटलं, तिकडून कुणीतरी चाली सांगतंय. माझा डाव रद्द झाला. शेजारपाजारचे तोंडावर काही बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र पट उचलून पेटीत ठेवून दिला.

मी तक्रारही केली नाही. तेच सरांना खटकलं, असं मागाहून कळलं. रस्ता मोकळा झाला आणि एका दुपारी त्यांची जीप दारात उभी राहिली. आत येऊन ते माझ्या स्टुलावर बसले आणि त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे खोक्यात एक कोकरू होतं. त्या हिवाळ्यात आमची दोनशे मेंढरं गेली; नव्या पिल्लांतलं ते एकच तगलं होतं. डावाच्या दिवशी त्याचा श्वास चालतोय ना, एवढंच मी बघत होते.

सर म्हणाले, "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "आवाज बंद ठेवायचा नियम तुमचाच होता, सर."

त्यांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चुकलं माझं."

हेच त्यांनी संघटनेच्या सभेत उभं राहून सांगितलं. संघातली माझी जागा परत मिळाली नाही. ती जिला मिळाली, तीही कष्टानेच खेळली होती. पण पुढच्या वर्षापासून, कुणी घरून खेळणार असेल तर सर स्वतः त्या घरी जाऊन बसू लागले.

आता वाद चाललाय, पुढचं बुद्धिबळ समोरासमोर की दुरून? दुरून नसतं, तर मी खेळलेच नसते. चार दिवस जनावरं कुणाच्या भरवशावर टाकायची? पण नजर कुठे गेली, हे यंत्र सांगेल. का गेली, हे विचारायला कुणी यायला नको का?

या वसंतात मी पंचांची परीक्षा पास झाले. काल सरांनी मला त्यांची वही दिली. कुठल्या घरचा कुत्रा चावतो, कुठल्या ओढ्यात गाडी रुतते, सगळं त्यात आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'पोचल्यावर आधी चहा घ्यावा. आपण वाटी हातात धरली, की खेळणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.'

सर, तुमचे आभार कसे मानू, मला सुचत नाही. कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि आणखी एक चूक पोटात घाला: मी जेवायला थांबत नाहीये. उद्या सकाळी दहाला दक्षिणेकडच्या वस्तीवर एका बाईंचा डाव आहे, आणि उजेड आहे तोवर मला नदी ओलांडायची आहे.